आबांना धरणाच्या आतलं पाणी बघायचं होतं : राधानगरी-दाजीपूर, तीन दिवस

जुलै उजाडला की आमच्या घरात एकच प्रश्न असतो, 'राधानगरीचे किती उघडले?' दरवाजे हा शब्द लावायची गरजच पडत नाही, कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेत नदीच्या अंगाला राहणाऱ्या कुणालाही ते कळतंय. पंचगंगेची पातळी ३९ फुटावर गेली की इशारा, ४३ ला धोका, आणि आमच्या तळमजल्यात २०१९ ला आणि परत २०२१ ला पाणी शिरलं तेव्हापासून तर माझी आई रात्री उठून मोबाईलवर आकडे बघते.

पण आबांचं तसं नाही. आबा म्हणजे माझे वडील, वय पंचाहत्तर, मूळ हळदी गावाच्या बाजूचे, भोगावतीच्या काठची थोडी शेती, आयुष्यभर ऊस. त्यांच्यासाठी राधानगरी म्हणजे फेब्रुवारी ते मे. वरनं पाणी कधी सोडणार, बंधाऱ्याला कधी पोचणार, उपसाबंदी लागणार का, मोटर रात्री चालवायची की पहाटे. म्हणजे एकाच धरणाकडं आमच्या घरात दोघं दोन बाजूनं बघतात, एकाला पाणी येऊ नये वाटतं आणि एकाला यावं वाटतं, आणि गंमत म्हणजे दोघांनीही ते पाणी जिथं साठतं ती जागा कधी नीट बघितलेली नव्हती. आबा राधानगरीला कामाला चारदा गेले असतील, पण तहसील कचेरी आणि परत.

मार्चमध्ये एकदा जेवताना ते सहज बोलले, 'धरान बाहेरनं बघितलंय. आतलं पानी काय बघितलं न्हाई.' मी तेव्हाच ठरवलं. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात शुक्रवार ते रविवार काढला, अभयारण्य पावसाळ्यात बंद होतं त्याच्या आधी. मी, बायको, नऊ वर्षांची लेक आणि आबा. आई नाही आली, तिला म्हटलं चल तर म्हणाली 'मी नाही येत, मी ते पाणी घरात बघितलोय.' यावर काय बोलणार.

शुक्रवार

सकाळी सातला निघालो. रंकाळ्यावरनं पुईखडी चढलो, वाशी, मग हळदी. हळदीला आबांनी गाडी थांबवायला लावली आणि बंधाऱ्याकडं जाऊन आले, पाणी किती आहे ते बघायला. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, हा कोल्हापूर पद्धतीचा बंधारा, म्हणजे नदीत दगडी खांब आणि खांबांच्या मधल्या खाचेत बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, घालायच्या. पावसाळा संपला की बरगे घालतात, पाणी अडतं, आणि पावसाळ्याच्या तोंडावर काढतात म्हणजे पूर मोकळा जातो. साधी गोष्ट आहे पण आमच्या जिल्ह्यातला ऊस या बरग्यांवर उभा आहे. आबा परत आले आणि एवढंच म्हणाले, 'दोन बरगं पानी हाय.'

परिते आलं, भोगावती कारखान्याचं धुराडं थंड होतं कारण हंगाम संपलेला, एरवी या रस्त्यावर ट्रॉल्यांच्या मागनं रांगत जावं लागतं. रस्त्यात मिसळ खाल्ली, लेकीनं नुसता पाव आणि दही. पुढं डोंगर जवळ यायला लागतात, उसाची पट्टी अरुंद होते आणि एका वळणानंतर हवाच बदलते. कोल्हापूरपासून पन्नास-पंचावन्न किलोमीटरच आहे राधानगरी, पण शहरात आणि इथं पावसाचा फरक कैक पटीचा.

फेजिवड्याजवळ धरणाची भिंत समोर आली तेव्हा आबा गाडीतनं उतरून नुसते उभे राहिले. दगडी बांधकाम, साधारण ४२ मीटर उंच, लांबी एक किलोमीटरच्या वर. १९०८ ला शाहू महाराजांनी काम सुरू केलं. त्या आधीच्या दुष्काळात माणसं आणि जनावरं कशी हाल झाली ते त्यांनी बघितलेलं, आणि संस्थान लहान असताना एवढं मोठं धरण काढायचं धाडस केलं. ६ मे १९२२ ला महाराज गेले तेव्हा ते अर्धवटच होतं. संस्थान १९४९ ला विलीन झालं, आणि धरण पूर्ण व्हायला १९५७ उजाडलं. आबा तेव्हा सात वर्षांचे. त्यांच्या वडिलांनी त्यांना सांगितलेलं, 'म्हाराजांनी आपल्यासाठनं पानी बांधलंय.' गावाला नाव राधाबाई म्हणजे अक्कासाहेब महाराजांचं, महाराजांची लेक, आणि तलावाला नाव लक्ष्मीबाई राणीसाहेबांचं. लेक आणि बायको, दोघींची नावं त्या पाण्याजवळ. माझ्या लेकीला हे फार आवडलं, तिनं लगेच विचारलं की मग माझ्या नावाचं काय बांधणार.

सात स्वयंचलित दरवाजे खालनं दिसतात. हे मला तिला नीट समजावून सांगायचं होतं. पाणी ठरलेल्या पातळीला पोचलं, म्हणजे ३४७.५० फूट, की दरवाजा आपला आपण उघडतो, पातळी उतरली की आपला आपण बसतो. माणूस लागत नाही, बटण लागत नाही. एका दरवाजातनं १४२८ क्युसेक, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट पाणी. हा आकडा मला पाठ आहे कारण पुराच्या दिवसांत तो आम्ही दरवाजांच्या संख्येनं गुणत बसायचो आणि मग तास मोजायचो. आत्ता सातही बंद, कोरडे, खाली खडकात दोन शेळ्या. एवढी वर्षं ज्याला घाबरलो ते असं शांत बघताना माझ्या पोटातला गोळा जरा सैल झाला, खरं सांगतो.

मुक्काम दाजीपूरच्या रस्त्याला एका शेतकऱ्याच्या घरी, दोन खोल्या त्यांनी पाहुण्यांसाठी बांधल्यात. आम्ही पोचलो आणि तासाभरात वळीव आला. आधी वारा, मग मातीचा वास, मग गारांसारखे टपोरे थेंब, आणि लाईट गेली ती रात्री अकरापर्यंत आलीच नाही. घरातल्या मावशी म्हणाल्या, 'घाबरू नगासा, आज काजवं लय येत्यात बगा.' जेवण चुलीवरचं, नाचणीची भाकरी, हिरव्या मिरचीचा खरडा, धरणातल्या माशाचं कालवण, आणि फणसाची भाजी. आबांनी तीन भाकरी खाल्ल्या, घरी एक खातात.

मग काजवे. याच्यावर थोडं जास्त लिहितो कारण त्याच्यासाठीच माणसं मे अखेरीस तिकडं धावतात आणि त्यातले निम्मे काहीच न बघता परत येतात.

घरमालकांचा मुलगा आम्हाला टॉर्च न घेता नेला. म्हणाला डोळे अंधाराला सरावायला दहा मिनिटं द्या. पायवाटेनं ओढ्याकडं गेलो, पहिल्यांदा एक-दोन ठिपके, मग गवतात, आणि मग एक जांभळाचं झाड आलं आणि आम्ही चौघंही थांबलो. अख्खं झाड. शेंड्यापासून बुंध्यापर्यंत. आणि नुसतं चमकत नव्हतं, तर एका तालात, म्हणजे सगळे एकदम पेटायचे आणि सगळे एकदम विझायचे, आणि मग शेजारच्या हिरड्याचं झाड त्याला उत्तर दिल्यासारखं पेटायचं. लेक माझा हात धरून कुजबुजली, 'झाड श्वास घेतंय.' मी नंतर खूप वेळ दुसरा शब्द शोधला, सापडला नाही.

हा प्रकाश म्हणजे नर-मादीची बोलणी. मोठा झालेला काजवा फार दिवस जगतच नाही, काही आठवडेच, तेवढ्यात त्याला जोडीदार शोधायचा असतो. त्याच्या आधीचं बरंचसं आयुष्य अळी म्हणून ओल्या मातीत, पालापाचोळ्यात, गोगलगायी खाऊन. म्हणजे पालापाचोळा जाळला, गवतावर औषध मारलं, की पुढच्या वर्षीचे काजवे आत्ताच गेले. आणि टॉर्च मारली की त्यांना एकमेकांचा उजेड दिसत नाही, बोलणं तुटतं. इतकं साधं.

आम्ही तिथं असतानाच वरच्या रस्त्यावर दोन गाड्या थांबल्या. हेडलाईट चालू, दार उघडं, स्पीकरवर गाणी. झाड हळूहळू विझलं. मी वर गेलो, हात जोडून सांगितलं, बाबांनो लाईट बंद करा आणि पाच मिनिटं गप्प उभे राहा, तुम्हाला जे दिसेल ते मोबाईलमध्ये येणार नाही. मला वाटलं भांडण होणार. पण त्यातल्या एकानं खरंच बंद केलं सगळं. पाच मिनिटं नाही, अर्धा तास ते पोरं उभी होती. जाताना एकजण मला म्हणाला, 'दादा, आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.' मग मला वाटलं की हे सांगायलाच पाहिजे, म्हणून इथं सांगतोय : काजवे बघायला जाताय तर उजेड घरी ठेवून जा.

आबा परत येताना म्हणाले, पूर्वी आपल्या मळ्यात पण असायचे, विहिरीवरच्या जांभळावर. काजवं दिसलं की मिरगाला आठ दिवस. ते जांभूळ तोडून आम्ही तिथं मोटरची खोली बांधली. हे त्यांनीच आठवण करून दिली आणि मग घर येईपर्यंत बोलले नाहीत.

शनिवार

पहाटे पाचला उठलो ते एका शिट्टीनं. मला वाटलं कोणतरी पोरगं शीळ घालत चाललंय, अगदी माणसासारखी, वेडीवाकडी, सूर न लागलेली. घरमालक म्हणाले हा शीळकरी कस्तूर. काळानिळा पक्षी, ओढ्याकाठी असतो, पावसाच्या तोंडावर पहाटे असा बोलतो. दिसला नाही, पण दोन्ही दिवस सकाळी त्यानंच उठवलं.

दाजीपूरच्या गेटवर नोंद केली, तिथनं स्थानिक जीप आणि वाटाड्या घेतला. स्वतःची गाडी तशीच न नेता गावातली जीप घ्या, एक तर रस्ता कच्चा आणि दगडांचा, आणि दुसरं म्हणजे ओलवण, हसणे, दाजीपूर इथल्या पोरांना त्यातनं काम मिळतं आणि जंगल त्यांच्याइतकं कुणाला माहीत नाही. आमचा वाटाड्या पन्नाशीचा माणूस, बोलायला कमी, पण हात वर केला की ड्रायव्हर जिथल्या तिथं थांबायचा.

हे महाराष्ट्रातलं पहिलं अभयारण्य, १९५८ सालचं, तेव्हा नाव दाजीपूर गवा अभयारण्य. १९८५ ला वाढवून राधानगरी अभयारण्य केलं, आता ३५१ चौरस किलोमीटर. दोन मोठे जलाशय याच्या कुशीत आहेत, आमचा लक्ष्मी तलाव आणि पलीकडं दूधगंगेवरचं काळम्मावाडी. २०१२ ला पश्चिम घाट जागतिक वारसा झाला त्यात महाराष्ट्रातल्या चार जागा आहेत, कास, कोयना, चांदोली आणि ही. कोल्हापुरात किती जणांना हे माहीत असतं? मला स्वतःला चाळीशीत कळलं.

पहिला अर्धा तास काहीच नाही. नुसतं जंगल. पण ते नुसतं म्हणणं चूक आहे, अंजनीची दाट झाडी, तिच्यातनं येणारा हिरवा उजेड, जांभूळ, ऐन, किंजळ, खाली कारवी. कारवी सात वर्षांतनं एकदा फुलते आणि मग मरते, बी टाकून. वाटाड्यानं एक वाळलेला पट्टा दाखवला. आबांना झाडांची नावं माझ्यापेक्षा जास्त येत होती, त्यांची आणि वाटाड्याची तिथनं जी जुळली ती दिवसभर. हे औताला, हे जुवाला, याची साल पोट दुखल्यावर.

मग शेकरू. आधी आवाज, खडखड हसल्यासारखा, आणि मग डोक्यावरनं एका झाडावरनं दुसऱ्या झाडावर सरळ उडी, तांबूस-तपकिरी अंग आणि ही एवढी शेपटी. आपला राज्यप्राणी. एकाच शेकरूची दोन-तीन घरटी असतात म्हणे, वेगवेगळ्या झाडांवर, त्याला झाडांच्या फांद्या एकमेकांना लागलेल्या पाहिजेत कारण तो खाली उतरायला तयार नसतो. मधलं एक झाड तोडलं की त्याचा रस्ता तुटला.

पुढं वाटाड्यानं जीप लांबच थांबवली आणि एका मोठ्या झाडाच्या ढोलीकडं बोट केलं. ढोलीचं तोंड लिंपलेलं, मध्ये फक्त चीर. आत धनेशाची मादी. अंडी घालायला ती ढोलीत जाते आणि तोंड लिंपून घेते, मग आठवडेच्या आठवडे आत, नर बाहेरनं फळं आणून चिरेतनं भरवतो. आम्ही वीस मिनिटं हललो नाही. आला तो. राखाडी, मोठी पिवळसर चोच, एक उंबर दिलं, मग घशातनं दुसरं काढलं, मग तिसरं. माझी बायको हळूच म्हणाली, 'हा मेला तर ती आणि पिल्लं पण गेली की.' वाटाड्या म्हणाला, 'व्हय. आनि ह्येनं फळं खाल्ली न्हाईत तर ही झाडं पन गेली.' कारण बिया लांबवर टाकायचं काम हेच करतात.

गवे दिसले ते साडेआठच्या सुमाराला, एका पाणवठ्याच्या पलीकडं. आधी मला काळा खडकच वाटला. मग त्या खडकानं कान हलवला. सहा माद्या, तीन पिल्लं, पिल्लं बदामी रंगाची. हजार किलोपर्यंत जातो मोठा नर, खांद्याचा उंचवटा माणसाच्या डोक्याच्या वर. चारही पाय गुडघ्यापासून खाली पांढरे, लेक म्हणाली शाळेचे मोजे. त्यांनी आम्हाला बघितलं, आम्ही त्यांना. जीपचं इंजिन बंद. एवढं मोठं जनावर आणि चालताना पाचोळ्याचा आवाज पण नाही. कळपातली एक म्हातारी मादी आमच्या आणि पिल्लांच्या मध्ये येऊन उभी राहिली आणि बाकीचे आत जाईपर्यंत तिनं मान वळवली नाही.

आमच्याकडं सगळे याला गवारेडा म्हणतात आणि पेपरात बायसन येतं. पण तो रेडा पण नाही आणि बायसन पण नाही, तो गवा. गेल्या काही वर्षांत गवे कोल्हापूर शहराच्या कडेपर्यंत येऊन गेलेत. तेव्हा माणसांचा घोळका मागं लागतो, आरडाओरडा, व्हिडिओ, आणि बिथरलेलं जनावर धावलं की म्हणायचं हल्ला केला. वाटाड्यानं आम्हाला सांगितलं ते मी इथं तसंच देतो : 'कळपाला वाट द्यायची. एकला नर असला तर लांबूनच मागं फिरायचं. आनि ऱ्हायचं काय, गप्प.' शेताचं नुकसान होतं ते खोटं नाही, रात्रीत ऊस आणि भात लोळवतात, आणि भरपाई मिळायला हेलपाटे घालावे लागतात हे पण त्यानं सांगितलं. आबांनी मान हलवली. त्यांना दोन्ही बाजू कळत होत्या.

दुपारच्या आधी सावराई सड्यावर पोचलो. झाडी एकदम संपते आणि काळा जांभा दगड सुरू होतो, मैदानासारखा सपाट, उघडा, मे मध्ये तव्यासारखा तापलेला. कालच्या वळवानं खळग्यांत पाणी साचलेलं. याच दगडावर पावसाळ्यात फुलांचा गालिचा होतो, सीतेची आसवं, किडे खाणारा दवबिंदू. आत्ता काहीच नव्हतं, पण ते बी सगळं इथंच आहे, या खळग्यांतल्या बोटभर मातीत, पाण्याची वाट बघत. त्यामुळं सड्यावर कृपया गाडी घालू नका आणि चुली मांडू नका, दगड आहे म्हणून काय होतंय असं वाटतं, पण तसं नाही.

सड्याच्या काठाला गेलो तर खाली कोकण. धुरकट, निळं, डोंगरांच्या रांगा. वारा इतका की आबांची टोपी मी धरून उभा होतो. वाटाड्या म्हणाला इथं पडलेलं पाणी दोन्हीकडं जातं, अलीकडं पडलं तर भोगावती आणि पलीकडं पडलं तर कोकणात. मी लेकीला जमिनीवर बोटानं नकाशा काढून दाखवला. पलीकडचा थेंब दिवसभरात अरबी समुद्रात. अलीकडचा थेंब धरणात, मग भोगावती, मग प्रयाग चिखलीला बाकीच्या नद्या भेटून पंचगंगा, आपल्या घरामागनं, मग नरसोबावाडीला कृष्णा, आणि मग पार आंध्रात बंगालच्या उपसागरात. आबा ऐकत होते. बाटलीतलं पाणी त्यांनी ओंजळीत घेतलं आणि अलीकडच्या बाजूला दगडावर ओतलं. म्हणाले, 'आपल्याकडं जाऊ दे.'

संध्याकाळी विशेष काही नाही. पाय दुखत होते, करवंदं खाल्ली, हिरव्या जाळीत काळीभोर, चीक हातावरनं जात नाही. लवकर झोपलो.

रविवार

हा दिवस आबांचा. सकाळी सहाला मुक्कामाच्या घरातल्या काकांनी आम्हाला जलाशयाच्या काठाला नेलं, शेतातनं खाली उतरत. आबांना काठी दिली आणि ते माझा हात न धरता उतरले.

मे अखेरीला पाणी खूप खाली गेलेलं असतं. त्यामुळं आपण जिथं उभे असतो तो खरा तळ. भेगा पडलेली माती, जुन्या झाडांचे काळे बुंधे, एका ठिकाणी दगडी बांधाची ओळ, म्हणजे कुणाचंतरी शेत होतं तिथं, आणि मातीत खुरांचे ठसे. काकांनी ओळखून दाखवले, हे म्हशीचं, हे गव्याचं, हे रानडुकराचं. रात्री सगळे इथं पाण्यावर येतात. आणि मग पुढं ते पाणी, सकाळचं, एक सुरकुती नाही, पलीकडच्या डोंगरासकट.

आबा काठावर उकिडवे बसले. मी जरा लांब थांबलो.

टिटव्या ओरडत होत्या, त्यांची अंडी उघड्या मातीत असतात म्हणून आम्ही वाट वाकडी करून गेलो. बुंध्यांवर पाणकावळे पंख पसरून वाळवत बसलेले. कवड्या खंड्या पाण्यावर एका जागी थरथरत उभा राहायचा आणि दगडासारखा पडायचा, लेकीनं मोजलं, नऊ वेळा पडला आणि दोनदाच मासा. दूर पाण्याच्या मध्ये टेकाडावर पडक्या भिंती दिसत होत्या. तो बेनझीर व्हिला, महाराज धरणाच्या कामावर देखरेख करायला येऊन राहायचे तो बंगला. पावसाळ्यात त्याला पाणी वेढतं. जवळ जायचा मोह झाला पण मधे गाळ होता आणि काका म्हणाले नको, वरनं कडक दिसतोय पण आत कंबरेपर्यंत ओढतो. ऐकलं. धरणाच्या गाळाला आणि खोलीला कुणी हलक्यात घेऊ नये, दरवर्षी कुठल्या ना कुठल्या तलावात पोहायला उतरलेली पोरं जातात.

एक मन खट्टू करणारी गोष्ट, काठाच्या एका बाजूला जेवणावळीच्या पत्रावळ्या, बाटल्या, फुटलेल्या काचा. त्याच काठावर गव्यांचे ठसे होते हे लक्षात घ्या. आम्ही पिशवीभर उचललं, संपलं नाही.

आबा तासभर बसले असतील. मग काकांना विचारायला लागले. पाणी आत्ता कुठवर आहे, गेल्या वर्षी या दिवशी कुठवर होतं, पहिल्या पावसाला किती दिवसांत हे टेकाड बुडतं, ज्यांची शेतं गेली ती घरं कुठं उठून गेली. काका सांगत होते आणि आबा 'हां, हां' म्हणत होते. शेवटी आबा म्हणाले, 'आमी खाली मोटर चालवत हुतो, तवा तुमची जिमीन पान्याखाली हुती.' काका हसले, म्हणाले, 'आता च्या घ्या आनि मग जावा.' त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. पण आबांनी निघताना त्यांचा हात बराच वेळ सोडला नाही.

दुपारी परतीला लागलो. हत्तीमहाल वाटेत होता, महाराजांच्या वेळी तिथं हत्ती ठेवायचे, आम्ही बाहेरनंच बघितला कारण ढग भरून यायला लागले होते. लेक मागच्या सीटवर झोपली, तिच्या मुठीत सड्यावरचा जांभ्याचा खडा होता. तो काढून परत ठेवून यायला पाहिजे होता हे मला गाडीत बसल्यावर कळलं.

हळदीला आबांनी परत गाडी थांबवायला लावली. बंधाऱ्यावर चार-पाच जण उभे होते, उद्यापासनं बरगे काढायचे का अजून आठ दिवस थांबायचं यावर बोलणं चाललेलं. वळीव झालाय पण मोठा पाऊस कधी येईल, वर किती पाणी शिल्लक आहे, कुणी म्हणे एवढं, कुणी म्हणे तेवढं, एकजण मोबाईल काढून बघायला लागला.

आबा काठी टेकत त्यांच्यात जाऊन उभे राहिले.

'म्या सांगतो की,' म्हणाले. 'सकाळीच बघून आलोय.'